ज्याचे मन त्याला सापडले

मानसशास्त्र विभागातील आम्ही नऊजण दर शनिवारी दुपारी शहरातील एका पुनर्वसन केंद्रात जातो. मानसिक आजारातून उठलेली, किंवा उठू पाहणारी, आमच्याच वयाची मुलेमुली तेथे दिवसभरासाठी येतात. आम्ही उपचार वगैरे काही करीत नाही. ती आमची योग्यताही नाही. कॅरम खेळतो, कागदी पिशव्या चिकटवतो, वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो. पहिल्या दिवशी सरांनी तीन गोष्टी बजावल्या होत्या. आजाराची चौकशी करायची नाही, सल्ला द्यायचा नाही, आणि येते म्हटले की यायचे. पहिल्या दोन मला अवघड वाटल्या होत्या. चुकले मात्र मी तिसऱ्या गोष्टीत.

तेथे एक मुलगी सहा शनिवार माझ्या शेजारी बसून पिशव्या चिकटवीत होती, एक अक्षर बोलत नव्हती. सातव्या शनिवारी तिने विचारले, पुढच्या शनिवारी येणार का? मी हो म्हटले. आणि त्या शनिवारी गावी जत्रा म्हणून घरी निघून गेले. त्यानंतर गेले तेव्हा तिने आपली खुर्ची उचलून भिंतीपाशी नेली. रागावली असती तर मला बरे वाटले असते. पण अनोळखी माणसाकडे पाहावे तसे तिने माझ्याकडे पाहिले.

सरांपुढे मी रडले. त्यांनी उपदेश केला नाही. ग्रंथालयातून एक इंग्रजी पुस्तक काढून दिले. क्लिफर्ड बीअर्स यांचे, १९०८ सालचे. आपल्या क्रमिक पुस्तकात या माणसावर दोन ओळी आहेत. मानसिक आरोग्य चळवळीचे जनक कोण, या दोन गुणांच्या प्रश्नापुरते ते आपल्याला माहीत असतात. शब्दकोश शेजारी ठेवून मला ते पुस्तक वाचायला महिना लागला. पुढे जे लिहिते आहे ते त्या वाचनातून आणि सरांनी नंतर सांगितलेल्या माहितीतून.

क्लिफर्ड बीअर्स यांचा जन्म ३० मार्च १८७६ रोजी अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या शहरी झाला. पुढे ते मोठे झाले, राष्ट्राध्यक्षांना आणि कोट्यधीशांना पत्रे लिहू लागले. पण ज्या वयात त्यांच्यावर संकट कोसळले ते वय जवळजवळ आपले आहे, म्हणून तिथपर्यंत मी त्यांना 'तो' म्हणणार आहे.

क्लिफर्ड लाजरा होता, बुद्धीने बरा होता, घर खाऊनपिऊन सुखी होते. गावातल्याच येल विद्यापीठात, शेफिल्ड सायंटिफिक स्कूल या शाखेत तो शिकला. तेथे विद्यार्थ्यांचे एक विनोदी नियतकालिक निघत असे. त्याचा व्यवहार तो सांभाळी. वरून पाहणाऱ्याला त्याच्यात काही उणे दिसले नसते. पण १८९४ साली त्याच्या थोरल्या भावाला झटके येऊ लागले. अपस्मार, असे निदान झाले. भावाची शुश्रूषा करता करता क्लिफर्डच्या मनात एकच विचार घर करून बसला, की हेच आपल्यालाही होणार. वर्गात प्राध्यापक प्रश्न विचारीत तेव्हा त्याला वाटे, आता उभे राहिलो की सर्वांसमोर झटका येणार. तो गप्प बसे. हे त्याने कोणालाही सांगितले नाही. भावाचा आजार वेगळाच, मेंदूतील गाठीचा असावा, असे डॉक्टरांचे मत पुढे झाले. पण तोवर भीतीने आपले काम करून टाकले होते. आपल्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा एखादा मुलगा असतोच. त्याला आपण घुम्या म्हणतो आणि विषय संपवतो.

१८९७ साली क्लिफर्ड पदवीधर झाला. न्यूयॉर्कमध्ये एका विमा कंपनीत नोकरीला लागला. १९०० च्या जूनमध्ये त्याचा धीर पूर्ण सुटला आणि तो घरी परतला. २३ जून रोजी, घरची माणसे जेवायला बसली असताना, त्याने खिडकीतून स्वतःला झोकून दिले. पायांची हाडे मोडली, जीव वाचला. गंमत अशी, की ज्या आजाराच्या भीतीने त्याला सहा वर्षे पोखरले ती भीती त्या क्षणी नाहीशी झाली. आणि तिच्या जागी दुसरीच, कितीतरी मोठी भीती येऊन बसली.

त्याला वाटू लागले, की आत्महत्येचा प्रयत्न केल्याबद्दल आपल्यावर खटला होणार आहे. इस्पितळाच्या खिडकीला गज होते. म्हणजे हा तुरुंगच. बाहेर गाड्यांचा आवाज येई. म्हणजे आपल्याला पाहायला लोक जमले आहेत. जेवणाची चव वेगळी लागे; म्हणजे त्यात काही घातले आहे. भेटायला येणारे आईवडील, भाऊ हे खरे नव्हेत. त्यांचे रूप घेऊन पोलिसांचे हेर येत आहेत. मग त्याने बोलणेच सोडले. यामागचा विचार मी पुन्हा पुन्हा वाचला. आपण बोललेला शब्द पुरावा म्हणून वापरला जाईल, आपल्याबरोबर घरच्यांचीही मानहानी होईल, म्हणून तो गप्प होता. बाहेरच्यांना तो केवळ बधिर, निर्विकार दिसत होता. आत तो घरच्या माणसांना वाचवीत होता.

(खटल्याची भीती अगदीच अवास्तव म्हणता येत नाही. आपल्या देशात आत्महत्येचा प्रयत्न हा दंड संहितेच्या ३०९ व्या कलमाखाली दीर्घकाळ गुन्हाच होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रथम असे म्हटले, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानावे, त्याला शिक्षा करू नये, त्याची काळजी घ्यावी.)

त्याला एका खाजगी संस्थेतून दुसरीकडे हलवण्यात आले. मध्यंतरी काही महिने तो एका परिचारकाच्या घरी राहिला. १९०१ च्या जूनमध्ये तो हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात दाखल झाला. दोन वर्षे गेली. आणि आता जो प्रसंग सांगायचा आहे त्यासाठीच सरांनी मला हे पुस्तक दिले असावे.

हार्टफर्डला त्याची एका रुग्णाशी ओळख झाली. या रुग्णाला बाहेर फिरायला जाण्याची परवानगी होती. क्लिफर्ड त्याच्याशी थोडे थोडे बोलू लागला होता. त्याचा भाऊ जॉर्ज नेमाने भेटीला येई. क्लिफर्डच्या लेखी तो भाऊ नव्हता, भावाचे सोंग घेतलेला हेर होता. त्या मित्राने एकदा सहज म्हटले, की एवढीच शंका आहे तर मी शहराच्या नामावलीत पत्ता पाहून येतो. तो गेला, पत्ता पाहून आला. पत्ता खरा होता, नाव खरे होते. म्हणजे त्या पत्त्यावर खरा जॉर्ज राहत असला पाहिजे! मग क्लिफर्डने एक युक्ती योजली. त्याने चोरून जॉर्जला पत्र लिहिले. आपला भाऊ म्हणवणारा एक माणूस येथे येतो, तो खरा की खोटा हे मला ठाऊक नाही; तू खरा असशील तर हे पत्र बरोबर घेऊन ये, आणि कोणाला काही सांगू नकोस, असा त्याचा आशय. मित्राने ते टपालात टाकले.

३० ऑगस्ट १९०२. क्लिफर्ड बाहेर हिरवळीवर होता. जॉर्ज आला, त्याने खिशातून ते पत्र काढून पुढे केले. क्लिफर्डने पत्र पाहिले, मग भावाचा चेहरा पाहिला. भाऊ खरा ठरला, त्याबरोबर सगळे जगच खरे ठरले. हेर गेले, खटला गेला. खिडकीतून उडी घेतल्यापासून तो ७९८ वा दिवस होता.

येथे मी थांबले होते. जॉर्जने काय केले? काहीच नाही. त्याने समजूत घातली नाही, उपचार केला नाही. जो भाऊ आपल्याला भाऊ मानीत नाही त्याला तो भेटत राहिला, आणि पत्र आले तेव्हा ते खिशात घालून आला. दोन वर्षे तो येत राहिला नसता, तर पत्र लिहायला सुचले असते काय?

गोष्ट येथे संपली असती तर ती बालबोधिनीत शोभली असती. प्रत्यक्षात क्लिफर्ड बरा झाला नाही. त्याच्या मनाचा झोका दुसऱ्या टोकाला गेला. दोन वर्षे न बोललेला माणूस आता थांबेना. रात्रंदिवस लिहू लागला. कागद पुरेनात म्हणून वेष्टनाच्या कागदाच्या कित्येक फूट लांब पट्ट्यांवर पत्रे लिहिली. आपण गुरुत्वाकर्षणावर मात करणार आहोत, असेही त्याला वाटत होते. डॉक्टरांशी वाद घालणे, परिचारकांना चिडवणे हा नित्यक्रम झाला. तो छळला गेला हे खरे, पण त्याला सांभाळणे सोपे नव्हते, हे त्याने स्वतःच मोकळेपणाने लिहिले आहे, आणि म्हणून त्याच्या बाकीच्या सांगण्यावर विश्वास बसतो.

त्याला जाड कापडाचा अंगरखा चढवीत. त्याच्या बाह्या हातांपेक्षा लांब असतात. त्या छातीवरून घेऊन पाठीमागे करकचून बांधल्या, की माणसाला नाक खाजवता येत नाही. पहिल्या खेपेस तो तशा स्थितीत पंधरा तास होता. पुढे नोव्हेंबर १९०२ मध्ये त्याला मिडलटाउनच्या सरकारी मनोरुग्णालयात हलवले. तेथील हिंसक रुग्णांच्या विभागाची हकिगत त्याने ऐकली होती. ती स्वतः पाहावी म्हणून त्याने मुद्दाम असे वर्तन केले, की आपल्याला तेथेच पाठवावे. थंडीच्या दिवसांत अपुऱ्या कपड्यांवर कोठडीत राहिला, मार खाल्ला. तेथे त्याने एक गोष्ट ध्यानात ठेवली. ज्याला तक्रार करता येत नाही, ज्याचे कोणी भेटीला येत नाही, त्याला मार अधिक पडतो. १९०३ च्या मार्चमध्ये त्याने राज्याच्या गव्हर्नरांना लांबलचक पत्र लिहिले, आणि ते संस्थेच्या नजरेतून सोडवून बाहेर पाठवलेही. त्या पत्राने विभागातील वागणूक काही काळ सुधारली. सप्टेंबर १९०३ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो बाहेर पडला.

आता 'ते' म्हणायला हरकत नाही.

बीअर्स पुन्हा नोकरी करू लागले. पण कोठडीत केलेला निश्चय त्यांनी सोडला नव्हता. १९०५ च्या जानेवारीत मन पुन्हा उंच उडू लागल्याचे त्यांच्या ध्यानात आले, तेव्हा ते आपण होऊन हार्टफर्डला गेले. ज्या दारातून आपल्याला कधीकाळी न विचारता नेले त्याच दारातून स्वतःच्या पायांनी आत जायचे! बरे वाटल्यावर बाहेर आले आणि पुस्तक लिहायला बसले.

१९०६ साली त्यांनी ते हस्तलिखित विल्यम जेम्स यांच्याकडे पाठवले. जेम्स म्हणजे आपल्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातले जेम्स. भावनेची उपपत्ती मांडणारे. तरुणपणी त्यांनाही निराशेच्या गर्तेतून जावे लागले होते. त्यांनी मनःपूर्वक अभिप्राय पाठवला, आणि तोच पुस्तकाच्या आरंभी छापला गेला. मनोविकारतज्ज्ञ अडॉल्फ मायर यांनी पुस्तक तपासले, आणि नुसते गाऱ्हाणे न मांडता संघटना उभारा, असे सुचवले. त्या कार्याला 'मेंटल हायजीन' हे नावही त्यांचेच. मार्च १९०८ मध्ये पुस्तक निघाले. त्यावर लेखकाचे खरे नाव होते. आपण वेडे होतो, असे त्या काळी नावानिशी छापणे म्हणजे काय, याची कल्पना करण्यासाठी १९०८ सालात जावे लागत नाही. आमच्या केंद्रातल्या कित्येकांच्या घरी पाहुण्यांना अजून सांगतात, की मुलगी टायपिंगच्या क्लासला जाते.

६ मे १९०८ रोजी कनेक्टिकटची संस्था स्थापन झाली, १९ फेब्रुवारी १९०९ रोजी राष्ट्रीय समिती. जेम्स यांनी एक हजार डॉलर दिले. तरी आरंभीची वर्षे बीअर्स यांनी कर्ज काढून काढली. हेन्री फिप्स या धनिकाने १९११ साली पन्नास हजार डॉलर दिले, तेव्हा समितीला श्वास घेता आला. मायर यांच्याशी मतभेद झाले. त्यांना काम सावकाश, एका राज्यापासून वाढवायचे होते, बीअर्स यांना थांबणे माहीत नव्हते. १९१३ साली न्यू हेवनला बीअर्स यांनी बाह्यरुग्ण चिकित्सालय सुरू केले. दाखल न होता, घरी राहून उपचार घेता यावेत, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेतील अशा प्रकारचे ते पहिले मानतात.

समितीच्या कामातला एक धागा आम्हा विद्यार्थ्यांपर्यंत येतो. पहिल्या महायुद्धात मन मोडून परतणाऱ्या तरुण सैनिकांची संख्या मोठी होती. त्यांच्यासाठी माणसे तयार करावीत म्हणून १९१८ च्या उन्हाळ्यात स्मिथ कॉलेजमध्ये या समितीच्या सहकार्याने एक प्रशिक्षण शाळा निघाली. विद्यार्थिनींना काही आठवडे व्याख्याने, आणि मग थेट इस्पितळात काम. १९२२ पासून समितीच्या साह्याने बालमार्गदर्शन केंद्रे निघू लागली. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता अशा तिघांनी मिळून एका मुलाचा विचार करायचा, ही पद्धत तेथे रुळली. आपल्याकडे मुंबईत टाटांच्या समाजकार्य शाळेने १९३७ साली असेच केंद्र काढले. आणि बीअर्स गेल्यानंतर, १९५४ च्या सुमारास, हार्वर्ड आणि रॅडक्लिफचे विद्यार्थी बॉस्टनजवळच्या एका सरकारी मनोरुग्णालयात जाऊ लागले. वर्षानुवर्षे कोणी न फिरकलेल्या विभागांत ते गप्पा मारीत, खेळत, भिंती रंगवीत. म्हणजे कॅरम आणि पिशव्यांचा आमचा उद्योग तसा जुना आहे.

चळवळीची एक बाजू मात्र काळी आहे, आणि ती झाकून हे चरित्र लिहिणे मला बरे वाटत नाही. रुग्णालये सुधारण्यापेक्षा आजार मुळातच टाळावा, असा विचार पुढे बळावला. त्यातून त्या काळच्या अनेक तज्ज्ञांनी मनोरुग्णांच्या सक्तीच्या नसबंदीची तरफदारी केली, आणि त्यांत या चळवळीतली माणसेही होती. रुग्णाचा शब्द ऐका, एवढेच ज्या माणसाचे मूळ मागणे होते, त्याने उभारलेल्या घरात हे व्हावे! बीअर्स यांनी १९१२ साली विवाह केला होता. त्यांना मूल नव्हते.

१९३० च्या मे महिन्यात वॉशिंग्टनला मानसिक आरोग्याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पन्नासाहून अधिक देशांचे लोक आले. कोठडीत पाहिलेले स्वप्न त्या दिवशी पुरे झाले असे म्हणता येईल. पण मनाचा आजार सत्कार पाहून दबत नाही. त्यांच्या भावंडांनाही त्याने सोडले नव्हते. १९३९ साली बीअर्स यांनी काम सोडले आणि प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात आपण होऊन दाखल झाले. तेथेच ९ जुलै १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. जेथून बाहेर पडण्यासाठी ते झगडले तशाच एका जागी. क्रमिक पुस्तकातल्या दोन ओळींत हे नाही. सरांना मी म्हटले, की मग ते हरलेच म्हणायचे. सर म्हणाले, की मधुमेही माणूस म्हातारपणी इस्पितळात गेला तर तू असे म्हणशील का? मला उत्तर सुचले नाही, आणि त्यांचे म्हणणे पुरते पटलेही नाही. मी त्यावर अजून विचार करीत आहे.

केंद्रातली ती मुलगी अद्याप माझ्याजवळ बसत नाही. मी जाते. बारा शनिवार झाले. मागच्या वेळी गोंदाची वाटी तिच्याकडे होती आणि ती तिने माझ्या बाजूला सरकवली. त्याचा अर्थ लावू नकोस, असे सर म्हणाले.

एक गोष्ट लिहावी की नाही याचा बरेच दिवस विचार केला. १९५० साली बीअर्स यांची समिती इतर संस्थांत विलीन होऊन नवी संघटना झाली. या संघटनेने १९५३ साली देशभरच्या मनोरुग्णालयांतून जुन्या साखळ्या आणि बेड्या गोळा केल्या, त्या वितळवल्या आणि बाल्टिमोरला तीनशे पौंडांची एक घंटा ओतवून घेतली. हे वाचले तेव्हा मला आमचा गोठा आठवला. आमच्या घराण्यात कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिली. माझे चुलते खरे म्हणजे माझ्या आधी पोहोचायचे. बारावीच्या वर्षी त्यांचे मन फिरले. मी दुसरीत असताना त्यांना पावसाळाभर गोठ्यात साखळीने बांधलेले मी पाहिले आहे. बांधणारे माझे वडील होते. देवऋषी झाले, गंडेदोरे झाले, त्यात एक बैल विकला गेला. वडिलांच्या हातचे ते जेवत नसत. आजीच्या हातचे तेवढे घेत. मग कोणी शिकल्यासवरल्या माणसाने जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याची वाट दाखवली. आज नाना गोळ्या घेतात, शेत पाहतात, बोलतात कमी.

दिवाळीत घरी गेले तेव्हा गोठ्यातल्या खुंटीकडे पाहिले. ती रिकामी होती. ओसरीवर वडील दोर वळीत बसले होते, पलीकडे नाना शेंगा निवडीत होते. साखळी कुठे गेली म्हणून मी विचारले. वडिलांनी मान वर न करता सांगितले, की नाना दवाखान्यातून आला त्याच रात्री मी ती विहिरीत टाकली. आमच्या घरात या विषयावर निघालेला तो पहिला शब्द असावा. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग नाना म्हणाले, की पुढच्या उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढला तेव्हा ती मलाच सापडली, भंगारवाल्याला किलोवर घातली. आणि त्या पैशांची तंबाखू तूही खाल्लीस, दादा.

(द्वितीय वर्ष कला, मानसशास्त्र)